सब्सिक्वेंट

दोरीवर पुरुषाचा रेनकोट. बाह्या दोनदा दुमडलेल्या.

टेपनं चिकटवलेलं इंग्रजीचं पुस्तक.

वाटीत हळद आणि खोबरेल.

स्विच ऑफ. पुन्हा स्विच ऑफ.

धनंजयनं फोन खिशात टाकला. मोठ्या भावाचा, योगेंद्रचा नंबर कालपासून लागत नव्हता. समोर दीपमाला वहिनी पुस्तक उघडून बसली होती. उद्या भंडाऱ्यात एका दवाखान्यात रिसेप्शनच्या कामासाठी तिची मुलाखत होती. धनंजय भंडाऱ्यात इंग्रजीचे क्लास घ्यायचा, म्हणून तिनं त्याला आसगावला बोलावून घेतलं होतं.

"सब्सिक्वेंट," तो म्हणाला. "म्हणजे नंतरचं. पण नुसतं नंतरचं नाई, वहिनी. आधी एक गोष्ट घडली पायजे. तिच्या मागून येते ते सब्सिक्वेंट."

"म्हणजे धानाच्या रोवणीवानी. पहिली ओळ लावल्याबिगर दुसरी नाई. फक्त आपण मागं मागं सरकतो."

"मुलाखतीत हे सांगू नका."

"काहून? डॉक्टर भात नाई खात?"

पुष्पाबाई खाटेवरून हसल्या, दीपमालाही हसली. सासू-सुनेचं हसणं या घरात एकत्र ऐकू येत नसे, आज आलं. पुष्पाबाई पायांवर गोधडी ओढून बसल्या होत्या. गुडघे गेल्यापासून त्यांनी बांधीत, धानाच्या चिखलात, पाय ठेवला नव्हता.

"आता वाक्य करा," धनंजय म्हणाला.

"रोवणी झाली. सब्सिक्वेंट तुमचे दादा हैदराबादले गेले."

"तसं नाई. त्याच्या पुढं नाम लागते. सब्सिक्वेंट डिपार्चर. नंतरचं जाणं."

"सब्सिक्वेंट डिपार्चर," ती हळूच म्हणाली.

"पण मले न सांगता कसा गेला?" धनंजय म्हणाला. " बसमधी पाय ठेवला की दादा फोन करते मले. उद्या तुमाले दवाखान्यात सोडतो आन ठाण्यात जातो. हरवल्याची तक्रार देतो."

दीपमालाचं बोट पानावर थांबलं. तिच्या मनगटावर मळलेली पट्टी होती. पुस्तक फाडलं त्याच दिवशी हातही पिरगळला होता. योगेंद्र प्यायला की असं व्हायचं, आणि मग त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

"दे ना तक्रार," पुष्पाबाई म्हणाल्या. "सांग त्याइले, अख्ख्या गावानं त्याले रोवणी करताना पाह्यलं. शेजारच्या भय्याजीनं रस्त्यावरून हाक मारली तं त्यानं हात वर केला."

"भय्याजी भेटला मले स्टँडवर. म्हणे, पाणी धो धो पडून राह्यलं होतं आन दोघं नवरा-बायको वाकून रोवत होते. रेनकोटातून मान वर करत नव्हता म्हणे तुहा भाऊ. एवढं काम त्यानं जन्मात केलं नाई."

"सुधरला होता," पुष्पाबाई म्हणाल्या.

धनंजयला जरा हलकं वाटलं. रोवणीपर्यंत दादा इथंच होता. म्हणजे जे काही झालं ते नंतर. फोन हरवला असेल, नाहीतर विकून प्यायला असेल.

"वाटी इकडं सरकव, धनू."

"थांब माय, मीच लावून देतो." त्यानं वाटी उचलली आणि गोधडी बाजूला केली.

पुष्पाबाईंनी पाय ओढून घ्यायला उशीर केला.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. पांढऱ्या, फाटलेल्या. दिवसदिवस चिखलात उभं राहून रोवणाऱ्या बायांच्या पायांना होतात तशा.

त्यानं दीपमालाच्या पायांकडे पाहिलं. तिथंही त्याच.

मग दोरीवरच्या रेनकोटाकडे. योगेंद्र घरात सगळ्यात उंच होता. त्याला बाह्या कधीच पुरत नव्हत्या.

"माय," तो म्हणाला. "बांधीत कोण होतं?"

पुष्पाबाईंनी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतःच बेचक्यांत हळद भरू लागल्या.

"त्यानं तिचा गळा धरला होता, बेटा," त्या म्हणाल्या. "माती ओढाचा पावडा माह्या हाताशी होता. तिची मुलाखत होऊ दे. मंग जा ठाण्यात."

दीपमालानं पान उलटलं नाही.

योगेंद्रला रोवणीच्या आदल्या दिवशी त्याच बांधीत पुरलं होतं.