खुंटीवरची माळ

रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तरी ठमी ओट्यावरून उठेना.

“मी नाय येत. माळ बघ, कमरेला आली. उतरला आजार.”

तिचा नवरा देवू रिक्षेपासून मागं फिरला. काविळीची ती माळ त्यानंच तिला दिली होती. उमरोळीपल्याडच्या पाड्यावर चाळीस वर्षं तो रानातल्या ओल्या काड्यांच्या माळा ओवत आला होता. डोक्यावर ठेवताना माळ चुंबळीएवढी असे. मग रोज थोडी लांबत ती गळ्यात, छातीवर, कमरेपर्यंत येई. माळ उतरली की कावीळ उतरली, असं सालवडच्या कामगारांपासून दातिवऱ्याच्या कोळ्यांपर्यंत सगळे मानत. घरात खुंटीवर एखादी तयार माळ कायम असे. न्यायला कुणी आलं नाही, तर ती तिथंच राही.

ठमीची कावीळ मात्र साधी नव्हती. पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. दवाखान्यात पोटात नळी घातली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, मग केमो सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. “आजार जाणार नाही. औषधानं दिवस लांबतील,” म्हणाल्या होत्या. दोनदा सलाईन झालं. दोन्ही वेळा आठवडाभर पेजेचा घोटसुद्धा तिच्या पोटात ठरला नाही. दुसऱ्या खेपेनंतर तिनंच माळ मागून घेतली. आज तिसरी खेप होती.

माळेचं गुपित बायकोलाही सांगू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बापानं मरताना बजावलं होतं. देवूनं ते जन्मभर पाळलं. पण ठमीपुढं सव्वा लाखाचं काय मोल! तो तिच्यासमोर खालीच बसला.

“ठमे, माळ खोटी हाय. ओली काडी सुकते, बारीक होते, दोरा सैल पडतो. म्हणून लांबते. आजाराचं तिला काय बी कळत नाय. ऊठ, चल.”

ठमीला जराही नवल वाटलं नाही. तिनं आत खुंटीकडं पाहिलं.

“मला ठावं हाय. खुंटीला कुठं कावीळ झालेली? तरी तिच्यावरची माळ लांबायचीच.”

तिनं त्याचा हात धरला.

“सुईनं दिवस लांबतात, काड्यांनी माळ लांबते. पण माळ लांबताना दुखत नाय रे.”