चिमणीची शिकवण

लेक अनोळखी माणसाला भुलते का, हे बघायला शिवणकाम करणाऱ्या आईने फोनवर खोटं खातं उघडलं. नाव चिमणी, वय तेरा. महिन्याभरात लेकीशी गट्टी जमली. आज चिमणीने लिहिलं, "चारला बागेत ये. आईला कळू देऊ नकोस. दोस्तीतलं कुणाला सांगायचं नसतं." गळ्यातली मापाची टेप न काढताच आई बागेत जाऊन बसली. साडेचार वाजले, लेक फिरकली नाही. पोरगी शहाणी निघाली. आईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मेसेज आला. "सॉरी गं चिमणे. दुसरा एक ऑनलाइन मित्र गाडी घेऊन आलाय, त्याच्यासोबत निघालेय." आईने फोन लावला, लेकीने कट केला. टेप मुठीत आवळत तिने चिमणी होऊन विचारलं, "कुठे चाललीस?" लगेच उत्तर आलं, "ते कसं सांगू? तूच म्हणालीस ना, दोस्तीतलं कुणाला सांगायचं नसतं."