मायेचा जाच

फिश टँकमधलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत समुद्री प्राणी, आक्रसून सुपारीएवढं झालं होतं. "पाणी ठीक आहे, काका. आधी त्या माशाला बाहेर काढा," दुकानदार फोनवर म्हणाला. "तो मायेनेच दिवसभर फुलाला बिलगतो, पण आजारपणात त्याचाच जाच होतो."

मुकुंदरावांनी जड मनाने मासा दुसऱ्या टँकमध्ये हलवला. बिचारा काचेला तोंड लावून बसला.

चौथ्या दिवशी फूल पसरलं. हे सांगायला मुकुंदराव ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बायकोच्या खोलीत धावले. सांगता सांगता त्यांनी तिची उशी सारखी केली, पांघरूण ओढलं, कपाळाला हात लावला, गोळी घेतलीस का विचारलं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "अहो, त्या दुसऱ्या टँकमध्ये अजून एकाची जागा आहे का?"

मुकुंदरावांनी तिच्या कपाळावरचा हात काढून घेतला. जाताना दार हळूच लोटून घेतलं.