सालीवरची मोडी

ऋजुताला हळद लागत होती, तेवढ्यात तिच्या पीएच.डी.च्या सरांचा फोन आला. आंबोलीच्या जंगलात जांभळीच्या सालीवर तिला एक दगडफूल सापडलं होतं, काळ्या रेघांनी मोडी लिहिल्यासारखं.

“अगं, जगात कुठेच नोंद नाही त्याची! नवी प्रजाती आहे. वर्णन लिही आणि नावही तूच ठेव!”

ऋजुता किंचाळत पाटावरून उठली आणि उष्टी हळद घेऊन आलेल्या होणाऱ्या सासूबाईंनाच मिठी मारून गरगर फिरली. त्यांचं कोरं पातळ पिवळंधम्मक झालं.

“झालं तरी काय?” सासूबाईंनी विचारलं. ऋजुताने धापा टाकत सगळं सांगितलं.

“म्हणजे नाव ठेवायचंय?” सासूबाई खो खो हसायलाच लागल्या. “बायांनो, पाळणा म्हणा! आमच्या सुनेकडे लग्नाआधीच बारसं आलंय!”