हात मांडीखाली

अलार्म वाजला तसे तिने दोन्ही हात मांडीखाली सारले आणि ताठ बसली. काचेमागच्या खोलीत सरांचा जीव भांड्यात पडला.

ती बसली होती ती खोली म्हणजे अणुभट्टीच्या कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल. तेच दिवे, तेच काटे, तीच बटणं. फक्त मागे भट्टी नव्हती. पीएच.डी.ला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना इथे खोटे बिघाड देऊन पारखायचे. जागा एकच होती. बाहेरून आलेले दोन परीक्षक सकाळपासून एकेकाला बघत होते आणि ही शेवटची.

वर्गात तिला चुळबुळ म्हणत. नाव शोभायचं तिला. कुठे दिवा लुकलुकला की हिचा हात बटणावर गेलाच. गेल्या वर्षी याच परीक्षेत भट्टी आपोआप बंद होत असताना हिने मध्येच एक झडप फिरवली आणि सावरत आलेलं सगळं बिघडवून ठेवलं. आता पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. घरी मोठ्या भावानेही स्पष्ट सांगून टाकलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर मुकाट्याने नोकरी धर.

म्हणून सरांनी वर्षभर तिच्या हातांचाच अभ्यास घेतला. गोंधळ झाला की पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही. यंत्रणा आपलं आपण सावरते, माणूस घाबरून मध्ये हात घालतो आणि घात करतो. नुसतं सांगून भागेना, तेव्हा हात मांडीखाली घ्यायची युक्ती त्यांनीच काढली. सरांच्या बायकोला याचं फार हसू यायचं. घरी दूध तापत ठेवलं तर दर मिनिटाला त्यात चमचा घालणारा माणूस लोकांच्या मुलीला हात आवरायला शिकवतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"भट्टी बंद झाली," स्पीकरवर तिचा आवाज आला. "पाण्याची पातळी उतरतेय. आता पंप सुरू होईल."

शिकवलं होतं तसं, एकेक वाचून, कुठेही न अडखळता. सर नकळत मान डोलवत होते.

पंप सुरू झाला नाही.

सरांनी शेजारच्या तंत्रज्ञाकडे पाहिलं. बिघाड भरायचं काम त्याचं. त्याने नजर चुकवली आणि हनुवटीनेच थोरल्या परीक्षकांकडे खूण केली. आपोआप सुरू होणारा पंप त्यांनी मुद्दाम अडवून ठेवायला लावला होता. आता तो हाताने सुरू करायचा होता. हिरवं बटण, अगदी तिच्या उजव्या हाताशी.

यंत्रणा आपलं काम करत नसेल तर वाट बघत बसायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. सरांनी तो पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला एकदा सांगितला होता. तिला मात्र वर्षभर पहिलाच भाग घोटून घोटून पाजला. दुसऱ्या भागाची आठवण करून दिली तर हिचे हात पुन्हा मोकाट सुटतील, अशी त्यांना धास्ती होती.

"पंप बंदच आहे," ती म्हणाली. आवाज जरा चढला होता. "पातळी आणखी उतरली."

तिला दिसत होतं. सगळं बरोबर दिसत होतं. तिचा उजवा हात मांडीखालून निघाला आणि हिरव्या बटणाकडे वीतभर सरकला. लाव, सर मनातल्या मनात म्हणाले, लाव गं बाई.

तिने काचेकडे पाहिलं. तिच्या बाजूने तो आरसा होता. आरशात तिला तिचाच पुढे आलेला हात दिसला. ती ओशाळली आणि हात परत जागेवर गेला.

सर खुर्चीतून अर्धे उठले. समोर माइक होता आणि एक शब्दही पुरला असता.

"बसा," थोरले परीक्षक न बघताच म्हणाले. बाहेरून कुणी बोललं तर परीक्षा तिथेच रद्द होते, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सर बसले. शिकवण्यात उभा जन्म गेला होता, पण इतकं लाचार त्यांना कधी वाटलं नव्हतं.

धाकट्या परीक्षक बाईंना राहवेना. मुलीला कळतंय सगळं, मग करत का नाही, असं त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्यामुळे," सर म्हणाले. "हात लावायचा नाही, हे मीच तिला शिकवलंय."

"असेल," थोरले म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पण भट्टी ते ऐकून घेत नाही."

पाण्याचा काटा लाल रेषेखाली गेला. थोरल्यांनी हात वर केला, तंत्रज्ञाने परीक्षा थांबवायची चावी फिरवली. अलार्म गप्प झाला, इशाऱ्याचे दिवे विझले, सगळे काटे मुकाट्याने मूळ जागी आले. परीक्षकांनी पेनांना टोपणं लावली.

दार उघडून ती धावतच बाहेर आली. कपाळ घामाने भिजलेलं, चेहरा मात्र उजळलेला. तिने दोन्ही तळहात सरांपुढे धरले. खुर्चीच्या विणीचे लाल वळ त्यांवर उमटले होते.

"एकदाच शिवशिवले, सर. पण नाही लावला," ती म्हणाली. "आणि बघा, सावरलं ना आपोआप?"