चौकोनातला

माझा थोरला आठ महिने घरी बसलाय. आज कॉम्प्युटरवर नोकरीची मुलाखत होती. मी शाळेची पायरी फारशी चढले नाही, पण माणूस ओळखते, म्हणून दारातच उभी राहिले.

पडद्यावर साहेब होता आणि कोपऱ्यातल्या चौकोनात माझा लेक दिसत होता.

"ताठ बस," मी हळूच दटावलं. "वाकलेल्याला कोण ठेवून घेतं?"

लेक तसाच पोक काढून बसला. चौकोनातला मात्र ताठ झाला.

पुढच्या प्रश्नाला लेक ततपप करून गप्प झाला. चौकोनातला धडाधड उत्तरं देत राहिला, लेकाच्याच आवाजात.

"उत्तम. सोमवारपासून या," साहेब म्हणाला.

"मी कुठे बोललो?" लेकाने विचारलं. साहेबाला ते ऐकूच गेलं नाही.

चौकोनातल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आई, याला बाहेर घेऊन जा. मला कामाला बसायचंय."