मालकांचा आकडा

पेन्सिलीच्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव होता. मंडपात तासलेल्या लाकडाचा वास आला आणि सत्कारासाठी बोलावलेल्या निवृत्त कामगार मथुराक्का नकळत जुन्या सात तारखेला जाऊन पोचल्या. पगाराची रांग लागलेली, कारकून तात्या एकेकाचं नाव आणि पगार मोठ्यानं वाचताहेत, आणि आक्कांच्या मागे धोतर सावरत खुद्द मालक उभे. त्यांचाही आकडा वाचला जाई. आक्कांच्या नऊपट. "मालक, जिलेबी तुमच्याकडून," सगळ्या ओरडत, आणि जिलेबी खरंच येई.

"आत्याबाई, माइक घ्या," सून कुजबुजली. ती आता इथंच खोक्यांत पेन्सिली भरत होती. पगारवाढ मागायला गेलेल्या बायकांना नव्या साहेबांनी कालच सांगितलं होतं की कंपनीला परवडत नाही. "गोड बोला हं. माझी नोकरी आहे."

आक्का गोडच बोलल्या. रांग, तात्या, जिलेबी, सगळं सांगून झालं. मग शेजारच्या खुर्चीतल्या साहेबांकडे त्यांनी मायेनं पाहिलं.

"आजही सातच तारीख आहे, साहेब. सुनेचा आकडा मला ठाऊक आहे. तुमचा वाचा की, जिलेबी मागवू."

साहेब हसले. मंडपात दुसरं कुणीच हसलं नाही.

सुनेनं आक्कांच्या हातून माइक घेतला. आता ही सावरून घेईल, असं साहेबांना वाटलं.

"वाचा, साहेब," ती म्हणाली. "आम्ही रांगेतच उभ्या आहोत."